शिपायाच्या बाहीवरच्या दोन रेघा: जुन्या फोटोच्या तपासाच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर

गुहागर तालुक्यातल्या एका घरातला फोटो, ओटीवर चिऱ्याच्या भिंतीला टांगलेला. १० बाय १२ इंचाचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, हाताने रंगवलेला ब्रोमाईड, म्हणजे चांदीच्या क्षारांच्या कागदावरचा काळा-पांढरा फोटो. फेटा, खाकी अंगरखा आणि पायाला पट्ट्या असा शिपाई स्टुडिओतल्या पडद्यासमोर उभा आहे. एक हात छोट्या टेबलावर, छातीवर एक गोल पदक. घरात एवढंच माहीत आहे की हे पणजोबा, ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले होते आणि परत आले. बसरा आजच्या इराकमधलं, पहिल्या महायुद्धात आपल्याकडच्या पलटणी तिथे लढल्या. मूळ फोटो लहान होता. तो कुणा चाकरमान्याने मुंबईला नेऊन ‘एनलार्ज’ करून आणला, मूळ तिकडेच राहिला.

प्रश्न बाहीचा आहे. फोटोत आपल्या डाव्या हाताला दिसणाऱ्या बाहीवर, मनगटाच्या वर, दोन उभ्या गडद रेघा आहेत. लांबी सुमारे ७ मिलिमीटर, एकमेकींना समांतर. एका रेघेवर पिवळट रंगाची छटा. कुणी त्याला शिवण म्हणतं, कुणी ओरखडा, कुणी हुद्द्याची फीत.

आधी स्थिती नोंदवली. चौकटीमागचे खिळे गंजलेले, पुठ्ठ्याला कसर लागलेली. खालचा उजवा कोपरा काचेला चिकटला आहे. समोरून तिथे ओला दिसणारा गडद डाग पडतो, हीच त्याची खूण. पावसाळ्यात भिंत घाम धरते, फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला धरतो. अशी काच ओढू नये, वाफही देऊ नये. ओढली तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. म्हणून पुढचं सगळं काम काचेतूनच करायचं ठरलं. चौकट मागून उघडली, पुठ्ठा काढला, काच आणि फोटो एकत्रच ठेवले. काचेची बाहेरची बाजू किंचित ओल्या सुती फडक्याने पुसली. पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर फवारायचं नाही, नाहीतर ते कडेने आत शिरतं.

मागच्या बाजूला फट बुजवायला मराठी वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. तारीख फाटलेली, पण जाहिरातीतले भाव आण्यांत आहेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, तेव्हा चौकट बहुधा त्याआधीची. पट्ट्या फेकल्या नाहीत, पाकिटात ठेवल्या.

१७ ऑक्टोबर

स्कॅनिंग फसलं. घरगुती प्रिंटरला जोडलेला स्कॅनर बहुधा सीआयएस जातीचा, म्हणजे काचेला लागूनच सेन्सरची पट्टी असलेला असतो. त्याची नजर काचेला टेकलेल्या कागदावरच ठरते. इथे मध्ये चौकटीची २ मिलिमीटरची काच, त्यामुळे सगळं धूसर. तालुक्याच्या गावात सीसीडी स्कॅनर, म्हणजे आत आरसे आणि लेन्स असलेला, मिळाला. त्याला खोली जास्त दिसते, फोटो बऱ्यापैकी स्पष्ट आला. पण काचेवर काच आल्यामुळे मधोमध इंद्रधनुषी वलयं उमटली आणि त्यातलं एक नेमकं बाहीवरून गेलं. दोन काचांमध्ये चार कोपऱ्यांना पोस्टकार्डाच्या जाडीचे तुकडे ठेवले की वलयं जातात. तशी एक प्रत घेऊन ठेवली, मात्र बारीक कामाला ती पुरत नाही. अर्धा दिवस आणि रिक्षाचं भाडं गेलं.

त्याच प्रतीवर मोबाईलमधलं ‘फोटो स्पष्ट करा’ छापाचं अॅप चालवून पाहिलं. खांद्यावरच्या, पलटणीचा नंबर सांगणाऱ्या पितळी आकड्याच्या धुरकट ठिपक्यांतून त्याने सुबक ८ काढून दिला. तिथे ८ असल्याचा कसलाही पुरावा नाही. ही अॅप तपशील शोधत नाहीत, रचतात. तपासाच्या कामात त्यांना दारातही उभं करू नये. त्यातून निघालेली प्रत लगेच पुसून टाकली, कारण अशा प्रती नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरू लागल्या की तोच पुरावा ठरतो.

२२ ऑक्टोबर

कॅमेऱ्याने काम. २४ मेगापिक्सेल, मॅक्रो लेन्स, उलटं टांगलेलं ट्रायपॉड. पहिल्या फोटोंत काचेची चमक आणि फोटोच्या गडद भागांत सुटलेली चांदी, दोन्ही आडवं येत होतं. जुन्या ब्रोमाईडच्या कडांना आरशासारखी निळसर चकाकी येते ती फोटोतलीच चांदी, दमट हवेत वर आलेली. ती पुसून जात नाही आणि पुसायचा प्रयत्नही करू नये.

उपाय ध्रुवीकरणाचा. दोन्ही बाजूंच्या एलईडी दिव्यांपुढे पोलरायझर शीट (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणारी) एकाच दिशेने लावली, लेन्सवर फिरता पोलरायझर. दिवे फोटोपासून ४५ अंशांत. लेन्सवरचा फिल्टर फिरवत गेलं की एका जागी चमक एकदम मरते. उजेड बराच कमी होतो, म्हणून आयएसओ १००, छिद्र एफ ८ आणि साधारण १ सेकंदाचं एक्स्पोजर, रिमोटने. शीटची दिशा दोन्ही दिव्यांवर तंतोतंत सारखी हवी. एक शीट तिरकी बसली होती, तेवढ्याने अर्ध्या फोटोवर चमक राहिली आणि कारण सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. शीटच्या कोपऱ्यावर आधीच बाण काढून ठेवावा.

आता बाही साफ दिसते. रेघा धाग्याच्या नाहीत, पट्टीच्या आहेत. दोन्हींना रुंदी आहे आणि वरची-खालची टोकं चौकोनी तुटतात. शिवण अशी मध्येच सुरू होऊन मध्येच संपत नाही. दहा पट भिंगातून पाहिलं तर ओरखडाही नाही. ओरखड्यात जिलेटिन उडून कागदाचा पांढरा दिसतो, इथे गडद आहे. काचेतून भिंग चालतं, कारण दहा पट भिंगाला वस्तूपासून सुमारे २५ मिलिमीटर अंतर लागतं.

तिरप्या उजेडात रंगाची जाडी पाहायचा बेत मात्र सोडला. काचेवर फार तिरपा पडलेला उजेड बहुतेक परतच जातो. उघडा फोटो असेल तर हीच पहिली तपासणी करावी.

२९ ऑक्टोबर

पट्ट्या आहेत असं धरलं तर सैनिकी गणवेशात काय काय बसतं, ते मांडलं.

हुद्द्याच्या फिती कोपराच्या वर येतात आणि व्ही आकाराच्या असतात. बाद. परदेशातल्या सेवेच्या फिती १९१८ च्या सुरुवातीला आल्या. त्या उजव्या बाहीवर, मनगटाच्या वर, पण त्याही कोनाच्या, लाल आणि निळ्या. उभ्या नव्हेत. चांगल्या वर्तणुकीच्या फिती डाव्या बाहीवर खाली, त्याही कोनाच्या.

उभी पट्टी एकच उरते, जखमेची. ब्रिटिश लष्कराने जुलै १९१६ च्या हुकुमाने ती सुरू केली. सोनेरी गोफाची, २ इंच लांब, उभी. दुसऱ्यांदा जखमी झाल्यास शेजारी अर्ध्या इंचावर दुसरी. जागा डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर.

अडचणी दोन. सोनेरी पट्टी गडद का दिसावी? आणि ती उजव्या बाहीवर काय करते? फोटोत आपल्या डावीकडे म्हणजे शिपायाचा उजवा हात.

पहिली अडचण घरच्या घरी सुटली. त्या काळच्या काचेच्या प्लेटी निळ्या उजेडाला दिपायच्या, तांबड्याला आंधळ्या असायच्या. सुधारलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटी हिरवा पकडायच्या, तांबडा तरीही नाही. त्यामुळे निळं फिकट उतरतं, लाल आणि पिवळं गडद. पडताळा असा घेतला: जुन्या लुगड्याच्या सोनेरी जरीची किनार खाकी कापडावर टाचली, खिडकीच्या उजेडात डिजिटल फोटो काढला आणि जिम्प या चित्रं हाताळायच्या मोफत प्रोग्राममध्ये रंगाचे तीन थर वेगळे करून फक्त निळा थर पाहिला. जर खाकीपेक्षा गडद आली. किनार उजेडाकडे तिरकी केली की मात्र लखकन पांढरी होते. म्हणजे सोनेरी गोफ जुन्या फोटोत गडद की उजळ, हे दिवा कुठे होता त्यावर ठरतं. वीस मिनिटांचं काम, पण करावंच. पदकाच्या फितींचे रंग काळ्या-पांढऱ्या फोटोवरून ओळखणाऱ्यांनी तर आधी हे करून मग बोलावं. लाल पट्टा काळा आणि निळा पट्टा पांढरा उतरलेला असतो, आणि त्यावरून भलतीच मोहीम पणजोबांच्या नावावर लागते.

दुसऱ्या अडचणीचं सोपं उत्तर म्हणजे फोटो उलटा, आरशातल्यासारखा डावं-उजवं बदलून छापला गेला. पण पदक जिथे हवं तिथेच, डाव्या छातीवर आहे. फोटो उलटा असता तर पदकही उजवीकडे गेलं असतं. इथे काम अडलं.

९ नोव्हेंबर

दिवाळीत दुकानं बंद, सामान उशिरा आलं. अतिनील टॉर्चने तपासणी.

पहिला स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरचा होता. तो इतका जांभळा उजेड फेकतो की फोटोतली मंद चमक त्यात बुडून जाते. पैसे वाया. ३६५ नॅनोमीटरचा, पुढे काळी काच असलेला टॉर्च घ्यावा. तो साध्या काचेतून बराचसा पार होतो. खोली पूर्ण अंधारी, डोळ्यांना अतिनील अडवणारा चष्मा, कॅमेरा आयएसओ ४०० वर ६ सेकंद. एका वेळी दोन-तीन मिनिटांहून जास्त मारा करायचा नाही, रंग उडतात.

कागद चमकला नाही. साधारण १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं घालू लागले, ती अतिनील उजेडात निळी पेटतात. इथे तसं काही नाही, म्हणजे मोठी प्रत बहुधा त्याआधीची. वर्तमानपत्राच्या आण्यांशी जुळतं.

पदक पेटलं, पिवळट हिरवं, डोळ्यात भरेल असं. ही झिंक व्हाइटची, म्हणजे जस्ताच्या पांढऱ्या रंगाची चमक. फेट्याच्या कडा आणि डोळ्यांतले पांढरे ठिपकेही तसेच. बाहीवरच्या रेघा आणि खांद्यावरचा आकडा मात्र शांत.

याचा अर्थ पदकावर पांढऱ्या रंगाचा थर आहे. खाली खरं पदक असून फक्त उजळ केलंय, की पदकच रंगाऱ्याने काढलंय, हे अतिनीलवरून कळत नाही. ही उडी मारायचा मोह होतो. मारू नये.

२३ नोव्हेंबर

इन्फ्रारेड. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड. तत्त्व एका ओळीत: फोटोतली चांदी इन्फ्रारेडमध्येही गडद राहते, रंगाऱ्याचे पातळ पाण्याचे रंग बहुतेक पारदर्शक होतात. काजळीचा काळा मात्र काळाच राहतो आणि जाड पांढरा पूर्ण पारदर्शक होत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी बारीक काच असते, ती काढावी लागते. जुन्या वेबकॅमवर केलं. पहिल्यात ती काच लेन्सलाच चिकटवलेली निघाली, काढताना लेन्स फुटली. दुसऱ्यात ती लेन्सच्या मागे सुटी होती, ब्लेडच्या टोकाने निघाली. विकत घेण्याआधी लेन्स फिरवून बाहेर काढून पाहावी. मागे लालसर झाक मारणारा चौकोनी तुकडा सुटा दिसला तरच घ्यावा. त्याच्यापुढे फक्त इन्फ्रारेड जाऊ देणारा ८५० नॅनोमीटरचा फिल्टर लावला.

पहिली चित्रं निखळ काळी. कारण दिवे एलईडी होते, आणि घरगुती पांढऱ्या एलईडीतून इन्फ्रारेड जवळजवळ येतच नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब हवा. हल्ली तो किराणा दुकानात मिळत नाही, कोंबडीची पिल्लं उबवणाऱ्याकडून ६० वॅटचे दोन आणले. बल्ब तापतो, म्हणून फोटोपासून एक मीटर लांब आणि चित्र घेण्यापुरताच चालू. इन्फ्रारेडचा फोकस डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या फोकसपेक्षा थोडा सरकतो, तो पडद्यावर पाहूनच जुळवायचा. वेबकॅमचं रिझोल्यूशन कमी, म्हणून फोटोचे १२ भाग करून चित्रं घेतली आणि नंतर जोडली.

जे दिसलं ते असं. अंगरख्यावरचा खाकी रंग पार नाहीसा झाला आणि खालचं कापड, घड्या, खिशांची झाकणं वर आली. रेघेवरचा पिवळा उडाला, रेघा राहिल्या. म्हणजे त्या मूळ चित्रातल्या चांदीच्या आहेत, रंगाऱ्याने फक्त एकीवर पिवळा हात फिरवला. पदकाच्या जागी फिकट डाग उरला. डागाच्या भोवतीची खिशाची शिवण त्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ पुढे जाते, आणि जिथे पदकाची सावली पडायला हवी तिथे कापड स्वच्छ आहे. पदक ब्रशने काढलेलं आहे.

१ डिसेंबर

पदक बाद झालं, त्याबरोबर ‘फोटो सुलटा आहे’ याचा एकमेव पुरावाही गेला. आता उलट-सुलट नव्याने तपासलं.

पुरुषांच्या अंगरख्यात डावी बाजू उजवीवर येते. समोरून पाहताना वरच्या पल्ल्याची कड बटणांच्या रांगेच्या डावीकडे दिसायला हवी. रंगवलेल्या फोटोत ही कड रंगाखाली गाडली गेली होती. इन्फ्रारेडमध्ये ती लख्ख दिसते, आणि बटणांच्या उजवीकडे आहे. फोटो उलटा आहे.

असं का होतं? लहान फोटोचा आधी फोटो घेऊन काचेची निगेटिव्ह करायची, ती एनलार्जरमध्ये घालून मोठी प्रत काढायची. निगेटिव्हची रसायन लावलेली मंद बाजू कागदाकडे हवी. चुकून चकचकीत बाजू कागदाकडे गेली तर चित्र आरशातल्यासारखं येतं, धार किंचित जाते, बाकी काही फरक नाही. फोटोत अक्षरं नसतील तर स्टुडिओत कुणाच्या लक्षात येत नाही. मग प्रत रंगाऱ्याकडे गेली. घरच्यांनी सांगितलं असणार की पदक होतं, ते घाला. रंगाऱ्याला पदक डाव्या छातीवर असतं एवढं ठाऊक होतं, त्याने उलट्या फोटोत ते बरोबर डावीकडे काढलं. त्याचं काम त्याने चोख केलं, आणि म्हणूनच हा फोटो इतकी वर्षं सुलटा वाटत राहिला.

फोटो आडवा पलटवला. रेघा डाव्या बाहीवर आल्या.

८ डिसेंबर

मोजमाप. पदक रंगवलेलं असल्यामुळे त्याच्या फितीची रुंदी मापाला वापरता येत नाही. एरवी तीच सर्वांत सोयीची पट्टी, ब्रिटिश मोहीम पदकांची फीत सर्वसाधारणपणे ३२ मिलिमीटर रुंद असते. इथे त्याच हाताचा पंजा घेतला, कारण तो रेघांच्या शेजारी आणि कॅमेऱ्यापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. प्रौढ पुरुषाचा पंजा बोटांच्या मुळाशी ८ ते ८.५ सेंटिमीटर रुंद धरायला हरकत नाही.

इमेजजे या चित्रावर मोजमाप करायच्या प्रोग्राममध्ये मोजलं: रेघा २१२ आणि २०८ पिक्सेल, पंजा ३४५. गुणोत्तर ०.६१. २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर भागिले ८४, तेही ०.६०. पंज्याचं माप अंदाजे असल्याने यात दहा टक्के इकडेतिकडे धरावेत, तरी १ इंच किंवा ३ इंच होत नाही.

यापेक्षा मला दुसरी मोजणी जास्त पटते, तिला पंज्याची गरजच नाही. हुकुमाप्रमाणे पट्टीची लांबी आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर यांचं प्रमाण ४ ला १. इथे अंतर ४७ पिक्सेल, प्रमाण साडेचारला १. बाहीची गोलाई अंतर थोडं आकसून दाखवते, लांबी नाही, तेव्हा फरक योग्य दिशेला आहे.

जखमेच्या पट्ट्या. दोनदा जखमी.

१५ डिसेंबर

खांद्यावरचा पितळी आकडा. एकच खांदा दिसतो, तोही तिरका. प्रतीवर आकड्याची उंची पावणेदोन मिलिमीटर. तीन अंक आहेत एवढं नक्की. उलट्या फोटोत पहिला अंक वर रुंद, खाली निमुळता, पुढचे दोन सरळ दांडे. सुरुवातीला ७११ असं वाचलं जात होतं आणि त्या नंबराची पलटण कुठे सापडत नव्हती. पलटवल्यावर सरळ दांडा, सरळ दांडा आणि शेवटी वर रुंद अंक.

१९०३ ते १९२२ या काळातल्या मराठा पलटणी अशा: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. पहिले दोन अंक १ धरले तर १०३ आणि १०५ जातात. ११० असेल तर शेवटचा अंक वर-खाली सारखा हवा, ११६ असेल तर खाली फुगलेला, ११४ मधोमध रुंद. इथे खालचा भाग वरच्याच्या निम्मा आहे. ११७ सर्वांत चपखल बसतो.

१११ चा विचार वेगळा करावा लागला. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. रत्नागिरी जिल्ह्यातून मराठ्यांइतकीच महारांचीही सैन्यात जुनी परंपरा आहे. १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली होती, ती पहिल्या महायुद्धात पुन्हा उघडली. कोकणातला कुठलाही तीन दांड्यांचा आकडा दिसला की हा पर्याय तपासलाच पाहिजे, आणि १११ उलटा-सुलटा सारखाच दिसतो ही त्यातली मेख. इथे तिसऱ्या अंकाचं वरचं टोक दांड्याच्या दुप्पट रुंद आहे, म्हणून तो बाजूला ठेवला. वेगवेगळ्या उजेडात घेतलेली चार चित्रं एकमेकांवर ठेवून सरासरी काढली तरी रुंदी टिकते. ठिपक्यांचा आभास असता तर सरासरीत पुसला गेला असता.

तरी वहीत ‘११७, बहुधा’ असंच लिहिलं.

२२ डिसेंबर

काळ ठरवणं. जखमेची पट्टी जुलै १९१६ च्या आधी असू शकत नाही. तीन अंकी नंबर १९२२ च्या फेररचनेत गेले. ११७ मराठा तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी, रॉयल बटालियन झाली. म्हणजे मूळ लहान फोटो १९१६ ते १९२२ मधला. जखमेची पट्टी १९४४ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण तेव्हा खांद्यावर हे नंबर नव्हते, म्हणून दुसरं महायुद्ध बाद.

बसऱ्याचं जुळतं का? ११७ मराठा सहाव्या पुणे डिव्हिजनच्या १६ व्या ब्रिगेडमध्ये होती. बसरा नोव्हेंबर १९१४ मध्ये हाती आलं, शैबाची लढाई एप्रिल १९१५ मधली, टेसिफॉनची नोव्हेंबर १९१५ मधली. मग डिसेंबरपासून कुत अल अमाराला तुर्कांचा वेढा आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेची शरणागती, सुमारे १३ हजार कैदी. १०३ आणि ११० मराठाही त्याच वेढ्यात होत्या, त्यामुळे आकडा ११० निघाला तरी ही मांडणी फारशी हलत नाही.

पट्टीचा हुकूम शरणागतीनंतरचा आहे. तेव्हा शक्यता अशा उरतात: वेढ्याआधी जखमी होऊन परत पाठवला गेलेला, कैदेतून १९१८ च्या अखेरीनंतर सुटलेला, किंवा नंतर पलटण पुन्हा भरली गेली तेव्हा गेलेला. फोटोवरून यातली एकही निवडता येत नाही. घरात ‘कैदेत होते’ असं कुणी सांगत नाही, पण न सांगितलेलं म्हणजे न घडलेलं असं धरू नये.

पदकाबद्दल घरची आठवण: चांदीचं होतं, मोडलं. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं असतं, ३६ मिलिमीटर व्यासाचं, आणि त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. सोनाराकडे गेलं ते चांदीबरोबर हे सगळंच गेलं. कुणाच्या ट्रंकेत त्याच काळातलं तांबूस धातूचं, इंद्रधनुषी फितीचं पदक असेल तर ते व्हिक्टरी मेडल. त्याला मोडीत भाव नसल्याने ते बऱ्याचदा वाचतं. त्याची कड चिंचेने किंवा राखेने घासू नका, अक्षरं तिथेच आहेत.

५ जानेवारी

कागदपत्रांचा शोध थोडक्यात, कारण फार मिळालं नाही. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाची यादी मृतांची आहे, परतलेला माणूस त्यात शोधायचा नाही. पंजाबच्या गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या आता संगणकावर आहेत, कोकणाला त्यांचा उपयोग नाही. काही गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशा मजकुराची इंग्रजी दगडी पाटी शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत सापडते. तीवर १९१४ ते १९१९ असं साल असतं, आकडे असतात, नावं नसतात. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लिहायचं तर हातात सैनिक नंबर हवा. नुसतं नाव देऊन उपयोग नाही, एकाच नाव-आडनावाचे शिपाई एका पलटणीत कितीतरी असतात. घरात पेन्शनचा कागद, मनीऑर्डरची पावती किंवा जमिनीच्या कागदातला ‘पेन्शनर’ असा उल्लेख शोधणं चालू आहे.

१२ जानेवारी

परत चौकट. जुना फोटो आणि काच वेगळे केले नाहीत. मागचा कसर लागलेला पुठ्ठा टाकून आम्लरहित पुठ्ठा लावला, गंजक्या खिळ्यांऐवजी पितळी चुका. चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे १० मिलिमीटरचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंत आणि फोटो यांत हवा खेळते. चिऱ्याच्या भिंतीसाठी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल. जागाही बदलली. पश्चिमेची भिंत सोडून माजघराच्या आतल्या भिंतीवर लावला. मृग लागण्याआधी उतरवून सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचा, दसऱ्याला परत लावायचा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतून पुन्हा निळे करता येतात, तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचा नाही.

पलटवलेली, रंग काढलेली नवी प्रत वेगळी छापली, ८ बाय १० इंच, मॅट कागदावर. जुन्याला हात लावला नाही. घरच्यांना पदक असलेलाच फोटो हवा होता आणि तो त्यांचा हक्क आहे. नव्या प्रतीत पदकाची जागा तशीच फिकट सोडली, भरून काढली नाही.

मागे पेन्सिलने, मऊ ४बी ने, हे लिहिलं:

‘नक्की: मूळ फोटो १९१६ ते १९२२. मोठी प्रत उलटी छापलेली. पदक रंगाऱ्याने काढलेलं. डाव्या बाहीवर जखमेच्या दोन पट्ट्या. बहुधा: ११७ मराठा. घरची आठवण: बसरा, चांदीचं पदक. माहीत नाही: सैनिक नंबर, जखमा कुठे झाल्या, मूळ फोटोचा स्टुडिओ.’

खर्च, ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी, गोळाबेरीज: पोलरायझर शीट ७००, अतिनील टॉर्च चालला तो ९०० आणि वाया गेला तो २५०, वेबकॅम दोन मिळून ६००, इन्फ्रारेड फिल्टर ८५०, बल्ब ४०, आम्लरहित पुठ्ठा ४५०, सिलिका जेल १ किलो ३००, छपाई ३५०. कॅमेरा आणि लेन्स उसने. फोटो काचेला चिकटलेला नसेल तर इन्फ्रारेडच्या भानगडीत पडण्याआधी तिरपा उजेड आणि भिंग करून पाहा, निम्म्या वेळा पदकावरचा रंग तेवढ्यानेच दिसतो आणि दीड हजार वाचतात.